सिद्रामप्पांचा डावा तळहात

आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त मान यंत्राला. माणूस कंबर धरून दारातून आत येतो, खुर्चीला टेकायच्या आधी कोपऱ्यातल्या यंत्राकडे बघतो आणि विचारतो, "म्याडम, करंट लावणार की न्हाय?" सोलापुरात माझी सगळी हयात या कामात गेली, पण फिजिओथेरपिस्ट या शब्दाने मला कुणी ओळखल्याचं आठवत नाही. शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत मी 'करंटवाल्या बाई'. एका आजींनी तर माझ्याच टेबलावर पालथं पडून सुनेला फोनवर सांगितलं, "मालिशवालीकडं आलेय, उशीर होईल, तू भात लाव." मी करंट चालू केला. भाताची वेळ झाली होती हे खरंच होतं.

तर यंत्राबद्दल एकदा सांगून टाकते. त्याने दुखणं थोडा वेळ दबतं. त्या थोड्या वेळात आखडलेला सांधा हलवून घ्यायचा, कमजोर स्नायूला काम द्यायचं, एवढाच त्याचा उपयोग. खरं औषध हालचालीचं, आणि ते घरी, रोज, स्वतःच्या हाताने घ्यावं लागतं. इथेच घोडं पेंड खातं. करंट घ्यायला लोक रिक्षा करून येतात, पण सांगितलेला व्यायाम करायला त्यांना तीन खोल्यांच्या घरात जागा सापडत नाही.

दुसरा माझा जन्माचा वैरी म्हणजे गरम तेल. कुणाचा पाय मुरगळला की घरातलं सगळ्यात ताकदवान माणूस तेलाची वाटी घेऊन पुढे सरसावतं आणि घोटा रगडायला लागतं. सूज दुप्पट झाली की मग माझी आठवण होते. ताज्या मुरगळीला चोळायचं नाही, शेकायचंही नाही. पाय टेकवतच नसेल तर आधी एक्स-रे काढायचा. टेकवत असेल तर एक-दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ, पाय उशीवर उंच, आणि नंतर हळूहळू हालचाल. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आमच्या घरी पाहुण्यांच्या मुलाला ठेच लागली तरी माझे यजमान मला बोलू देत नाहीत, स्वतःच सगळं म्हणून दाखवतात.

आणि एक प्रश्न सगळे विचारतात. दुखेपर्यंत करायचं, की दुखलं की थांबायचं? उत्तर असं, की व्यायाम करताना थोडं दुखलं तरी चालतं, पण ते संध्याकाळपर्यंत ओसरायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त दुखत असेल तर व्यायाम जास्त झाला, तो कमी करायचा. कमी करायचा म्हणतेय, बंद नव्हे. आमच्याकडे मात्र कमी करा म्हटलं की लोक बंद करतात आणि थोडं वाढवा म्हटलं की गडी अंग मोडेपर्यंत करतो.

सुरुवातीला मीही सगळ्यांना 'करू नका' असंच सांगायची. वाकू नका, उचलू नका, खाली बसू नका. सांगोल्याकडचा एक मेंढपाळ कंबर घेऊन आला होता. माझं सगळं त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, आत्ता जन्मलेलं कोकरू काय कळपामागं चालत न्हाय की. म्या उचललं न्हाय तर कोण उचलणार? तुमी येताव का?" मी काही कोकरू उचलायला माळावर जाणार नव्हते. मग त्याला दवाखान्यातली उशी दिली, ती कोकरासारखी उचलायला लावली, आणि गुडघ्यात वाकून, छातीशी धरून कसं उठायचं ते शिकवलं. त्या दिवसापासून मी नव्या पेशंटला एक प्रश्न विचारायला लागले. बरं वाटल्यावर पहिलं काम कुठलं करणार? कुणी म्हणतं केसांचा अंबाडा घालणार, कुणी म्हणतं मागावर उभा राहणार, एक आजोबा म्हणाले की शेजाऱ्याच्या दारात जाऊन भांडणार, कारण तो मधल्या काळात फार माजला होता. कामानुसार व्यायाम ठरवला की माणूस तो न चुकता करतो.

या प्रश्नाला ज्यांनी बरेच दिवस उत्तरच दिलं नाही, त्या सिद्रामप्पांची गोष्ट मला सांगायची आहे.

सिद्रामप्पांचं भुसार मालाचं दुकान. आता ते मुलगा बसवराज बघतो. लिंगायत घर, बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी, त्यामुळे मीही त्यांना अप्पा आणि त्यांच्या बायकोला अव्वा म्हणायला लागले. सत्तरी ओलांडल्यावर अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर काही आठवड्यांनी बसवराज मला घ्यायला आला. गाडीत बसल्या बसल्याच म्हणाला, "नशीब म्हणायचं म्याडम, डावा गेला. उजवा शाबूत हाय. जेवण, सही, सगळं उजव्यानंच तर असतंय." हे वाक्य मी शेकडो घरांत ऐकलंय आणि प्रत्येक ठिकाणी मान डोलावली आहे. त्या दिवशीही डोलावली.

घरी गेले तर अप्पा कॉटवर बसलेले आणि डाव्या मुठीत पिवळा रबरी चेंडू. बसवराजने अभिमानाने सांगितलं की अप्पा दिवसभर चेंडू दाबतात. हा चेंडू मला अर्धांगवायू झालेल्या बहुतेक घरांत भेटतो. कोण सांगतं कळत नाही, पण पेशंट घरी यायच्या आत चेंडू येऊन बसलेला असतो. झटक्यानंतर हात आधी लुळा असतो आणि मग बहुतेकांचा हळूहळू ताठरायला लागतो. कोपर वाकतं, तळहात जमिनीकडे वळतो, बोटं मिटतात. अशा हाताला मिटायला शिकवावं लागत नाही, ते त्याला आपोआप येतं. त्याला विसर पडतो तो उघडण्याचा. आणि आपण चेंडू देऊन दिवसभर मिटण्याचीच तालीम करून घेतो. अप्पांच्या मुठीतून तो चेंडू काढायला मला बराच वेळ लागला. काढला आणि बसवराजच्या हातात ठेवला. म्हटलं, हा तुम्ही दाबा, दुकानात गिऱ्हाइकाचा राग आला की.

तेवढ्यात वडलांना उभं करायचं म्हणून त्याने त्यांच्या डाव्या दंडाला धरून वर ओढलं. अप्पांनी ओठ दाताखाली धरला. त्यांचा खांदा का दुखतो हे मला तिथेच कळलं. लुळा पडलेला हात खांद्यात नुसता लोंबकळत असतो, त्याला जागेवर धरणारे स्नायू झोपलेले असतात. अशा हाताला धरून माणसाला ओढलं की खांदा निखळायला येतो आणि मग ते दुखणं महिनोन्‌महिने झोपू देत नाही. उठवताना हात कमरेला किंवा पाठीमागे घालायचा, बसल्यावर हाताखाली उशी द्यायची. बसवराज चांगला मुलगा. एकदा सांगितलं ते त्याने कायमचं पाळलं.

पाय लवकर सुधारला. काठी घेऊन अप्पा घरातल्या घरात चालायला लागले. पण हाताचं काम सुरू केलं की ते खिडकीबाहेर बघायचे. मी बोटं उघडायची, ते उघडू द्यायचे, जणू हात दुसऱ्याच कुणाचा. आणि जेवण घटलं होतं. ताटातली भाकरी मोडून ते निम्मी बाजूला ठेवायचे. अव्वांनी कडक भाकरीपासून ज्वारीच्या कण्यांपर्यंत सगळं करून बघितलं. बसवराजने डॉक्टर बदलला, रक्त तपासलं. काही सापडलं नाही. न खाणाऱ्या माणसाच्या अंगात व्यायामाला ताकद कुठून येणार? मला भीती वाटायला लागली की हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत झिजत जाणार.

एका सकाळी मी परत तोच प्रश्न विचारला. "अप्पा, हात बरा झाला तर पहिलं काम कुठलं करणार?" मग त्यांनी उजव्या हाताने गळ्यातली चांदीची डबी धरली, डाव्या हाताची बोटं एकेक करून उलगडली आणि डबी त्या तळहातावर टेकवली. बोटं लगेच वळली, मनगट कलंडलं आणि डबी दोऱ्याला लोंबकळत छातीवर आली.

"हे," अप्पा म्हणाले.

सोलापुरात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. त्या डबीत इष्टलिंग असतं. लहानपणी गुरूंनी दिलेलं, जन्मभर अंगावर बाळगायचं. सकाळी आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेतात, उजव्या हाताने पाणी, विभूती, बेल वाहतात आणि त्याच्याकडे नजर लावून बसतात. मग जेवण. आम्ही सगळे उजवा वाचला म्हणून देवाचे आभार मानत होतो, आणि अप्पांचा देव बसायचा तो डाव्या हातावर.

"मग आता पूजा कशी करता?" मी विचारलं.

उत्तर अव्वांनी दिलं. "पाटावर तबक, तबकात ठिवतात. मठातल्या स्वामींना इचारलं. स्वामी बोलले, उजव्यावर घ्या, देवाला दोन्ही सारखेच."

"त्यांना सारखे असतील," अप्पा म्हणाले. "मला जल्मभर डावाच हाय. तबकात ठिवून केलेली पूजा अर्धीच की. म्हणून जेवण बी अर्धं."

दारात बसवराज उभा होता. त्याचा चेहरा पडला. "अप्पा, सांगायचं की एवढं."

"तू रक्त तपासत हुतास," अप्पा म्हणाले.

मला वाईट वाटलं आणि थोडी चीडही आली. अख्खं घर त्या भाकरीच्या तुकड्याभोवती फिरत होतं आणि हे गृहस्थ मनात हिशेब मांडून निम्मं जेवत होते. पण त्या दिवसापासून त्यांची नजर खिडकीबाहेर गेली नाही. माझं काम सोपं झालं असं मात्र नाही. अर्धांगवायूच्या हाताकडून करून घ्यायला सगळ्यात अवघड गोष्ट कुठली, तर तळहात वरच्या बाजूला करून, उघडा ठेवून, स्थिर धरणं. अप्पांना नेमकी तीच हवी होती.

आम्ही कामाला लागलो. कोमट पाण्यात हात बुडवायचा. बोटं टोकाला धरून ओढायची नाहीत, अंगठ्याच्या बुडापासून हळूहळू उघडत जायचं. कॉटच्या कडेला बसून डावा तळहात बाजूला गादीवर टेकवायचा आणि त्यावर सावकाश अंगाचा भार द्यायचा, त्याने ताठरपणा सैल होतो. मग उशीवर हात ठेवून तळहात वर करायचा. अप्पा व्यापारी माणूस, व्यायामातही घासाघीस करायचे, फक्त उलट्या बाजूने. मी पुरे म्हटलं की ते अजून थोडं मागायचे. दुसऱ्या दिवशी खांदा दुखला की मी रागवायची आणि अव्वा मला दुजोरा द्यायच्या.

तळहात वर व्हायला लागल्यावर त्यावर सपाट बुडाची वाटी ठेवली. ती टिकायला लागल्यावर लिंबू. लिंबू सारखं घरंगळून कॉटखाली जायचं आणि अव्वा वाकून काढायच्या. शेवटी त्यांची कंबर धरली आणि मला एकाच घरात दोन पेशंट झाले.

खरी डोकेदुखी पुढे होती. अर्धांगवायूत चांगल्या हाताने जरा जोर केला की दुबळा हात आपसूक वळतो. पूजेला तर दोन्ही हात लागणार. अप्पांनी उजव्या हाताने तांब्या उचलला की डावी बोटं मिटायला लागायची, हात कलंडायचा आणि लिंबू खाली. मी त्या वळणाऱ्या बोटांच्या मागे हात धुऊन लागले होते. काही महिन्यांनी ती अर्ध्यावर आली. निवांत असताना जवळजवळ सरळ, तांब्या उचलला की अर्धी वाकलेली. लिंबू कधी राहायचं, कधी पडायचं.

मी म्हटलं, "अप्पा, लिंबाचा आकार वेगळा, वजन वेगळं. आता इष्टलिंगच घेऊन बघू या."

"देवावर प्रॅक्टिस करू का?" अप्पा म्हणाले. "पडणार न्हाय याची ग्यारंटी द्या, घेतो."

ग्यारंटी हा शब्द माझ्या दवाखान्यात रोज निघतो आणि मी ती कधीच देत नाही. शरीराची ग्यारंटी देणाऱ्यांची दुकानं वेगळी असतात. अप्पांनाही दिली नाही. इष्टलिंग हातून भुईवर पडणं म्हणजे त्यांच्या लेखी काय, हे मला ठाऊक होतं. त्यापेक्षा आपण गेलेलं बरं, असं मानणारी ती पिढी. गाडी तिथेच अडली. लिंबू उशीवर, इष्टलिंग तबकात आणि भाकरी निम्मी, असे बरेच दिवस गेले. माझ्याकडे आणखी काही शिकवण्यासारखं उरलं नव्हतं आणि तसं मी बसवराजला सांगितलंही.

मग एका रविवारी अव्वांचा फोन आला. "म्याडम, उद्या सकाळी लौकर येता का? पूजेच्या टायमाला."

गेले. अप्पा आंघोळ करून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून खुर्चीत बसले होते. मांडीवर उशी, उशीवर डावा हात, तळहात उशीच्या कडेबाहेर. अव्वांनी त्यांच्यासमोर खाली पाट मांडला, त्यावर बसल्या आणि पदर दोन्ही हातांनी ताणून त्यांच्या तळहाताखाली धरला.

"बेडा," अप्पा कानडीत म्हणाले. नको.

"म्याडम ग्यारंटी कशाला देतील?" अव्वा म्हणाल्या. "मी बसते की खाली. पडलं तर माझ्या पदरात पडंल. भुईवर न्हाय."

अप्पांनी त्या पदराकडे बघितलं. मग त्यांनी डबी उघडली, इष्टलिंग कपाळाला लावलं आणि डाव्या तळहातावर ठेवलं. ते तिथे राहिलं. मी बाजूला उभी, माझं लक्ष मनगटाकडे. अप्पांनी उजव्या हाताने पाण्याचा छोटा तांब्या उचलला आणि जे रोज व्हायचं तेच झालं. डावा हात कलंडला. इष्टलिंग तळहाताच्या मधून बोटांकडे घसरायला लागलं. माझा हात आपोआप पुढे गेला.

"थांबा," अव्वा म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

मी थांबले. तांब्याच्या जोराने बोटं नेहमीसारखी वळत होती. जी वळू नयेत म्हणून मी कित्येक महिने झटले होते, ती अर्ध्यावर वळून राहिली आणि घसरत आलेलं इष्टलिंग त्या वाकलेल्या बोटांना येऊन टेकलं. तिथेच थांबलं. अप्पांनी पाणी घातलं. ते बोटांच्या फटींतून खाली अव्वांच्या पदरात पडत राहिलं. मग विभूती, मग बेलाचं पान. मग ते नुसते बघत बसले. मला रडू आलं आणि मी डोळे पुसलेही नाहीत, कारण त्या खोलीत माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

त्या दिवशी अप्पांनी अख्खी भाकरी खाल्ली. बसवराज ताट रिकामं होईपर्यंत दुकान उघडायला गेला नाही.

पुढच्या खेपेला मी उत्साहात होते. हाताने एवढं केलं म्हणजे अजून करेल, बोटं आणखी सरळ होतील, शर्टाचं बटण लावता येईल, पिशवी धरता येईल. मी कोमट पाण्याचं घमेलं मागवलं आणि अप्पांची बोटं उघडायला घेतली. त्यांनी हात मागे घेतला.

"साकु, म्याडम. पुरे."

मी वाद घातला. सुधारणा चालू असताना थांबायचं नसतं, हे दिवस गेले की परत येत नाहीत, असं सगळं सांगितलं, आणि ते खरंच होतं.

"बटण बसवराज लावतो की," अप्पा म्हणाले. "खांद्याचं करा, पायाचं करा. बोटं एवढीच राहू द्या. ह्याच्याहून सरळ केलीत तर घसरंल."

मी त्यांचा हात उशीवर ठेवला आणि खांद्याचा व्यायाम सुरू केला.